विनोद कोणाच्या बाजूचा?

एखादे काम वाजवीपेक्षा अधिक लांबले, की मराठी माणूस सहज म्हणून जातो, ‘ही तर बिरबलाची खिचडी!’ रखडलेला रस्ता, पाहुण्यांसाठी टाकलेला आणि अजून न आलेला चहा, वर्षानुवर्षे कचेरीत पडून राहिलेला अर्ज, कशालाही हा वाक्प्रचार चालतो. तो ज्या कथेतून आला, ती कथा मात्र उशिराची नाहीच. ती एका गरीब माणसाच्या बुडवलेल्या कमाईची कथा आहे.

कडाक्याच्या थंडीत जो रात्रभर तलावाच्या पाण्यात उभा राहील त्याला मोठे बक्षीस मिळेल, असे बादशहा जाहीर करतो. पैशाची निकड असलेला एक माणूस ते धाडस करतो. सकाळी तो दरबारात येतो, तेव्हा रात्र कशी काढलीस, असे त्याला विचारले जाते. दूर राजवाड्यात जळणाऱ्या दिव्याकडे बघत वेळ काढली, असे तो भाबडेपणाने सांगून टाकतो. तेवढे पुरते. दिव्याची ऊब मिळाली म्हणजे अट मोडली, असा निवाडा होतो आणि बक्षीस बुडते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. बिरबल उंच बांबूंवर हंडी टांगतो, खाली जमिनीवर चार काटक्या पेटवतो आणि खिचडी शिजण्याची वाट पाहत बसतो. इतक्या खालच्या जाळाची आच हंडीला कशी लागणार, असे बादशहा विचारतो आणि आपल्याच प्रश्नात सापडतो.

भाषेने या कथेतली हंडी ठेवली, खिचडी ठेवली, बिरबलही ठेवला. तलावात उभा राहिलेला माणूस तेवढा गळाला. वाक्प्रचारांचे असे होतच असते आणि त्याबद्दल भाषेला दोष देण्याचे कारण नाही. पण विनोदाचा विचार करावयाचा, तर या गळालेल्या माणसाला पुन्हा कथेत आणून उभे केले पाहिजे. तो नसला की खिचडी ही नुसती गंमत उरते. तो असला की तीच खिचडी न्याय मागू लागते. लोकपरंपरेतील विनोदाचा फार मोठा भाग असा कोणाच्या तरी बाजूने उभा राहिलेला आहे. मोबाइलच्या पडद्यावरून आज या हातातून त्या हातात फिरणाऱ्या विनोदांची मात्र ही बाजूच हरवत चालली आहे.

इतिहासातील बिरबल हा कथांमधल्या बिरबलापेक्षा वेगळा होता. त्याचे मूळ नाव महेशदास. तो अकबराच्या विश्वासातला सरदार होता, ब्रजभाषेत कविता करीत असे आणि १५८६ मध्ये वायव्य सीमेवर युसुफझाई पठाणांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. खिचडी शिजवणारा, कावळे मोजणारा बिरबल पुढच्या पिढ्यांतील लोकांनी घडवला. तेनाली रामकृष्णाचेही तसेच झाले. मुलांच्या पुस्तकांत तो शेंडी उडवीत राजाला चकवणारा तेनालीराम आहे. तेलुगू साहित्यात मात्र तो सोळाव्या शतकातील थोर कवी आहे. तेलुगूतील पाच महाकाव्यांत गणल्या जाणाऱ्या त्याच्या काव्याचे नाव ‘पांडुरंग माहात्म्यमु’ असे असून त्याचा विषय पंढरपूर क्षेत्राचा महिमा हा आहे. मराठी वाचकाने त्याला विनोदवीर म्हणून ओळखावे आणि विठ्ठलाचा कवी म्हणून ओळखू नये, हीदेखील एक गंमतच म्हणायची. बंगालमध्ये नदियाचा राजा कृष्णचंद्र याच्या दरबारातील गोपाळ भांड घरोघरी ठाऊक आहे; तो खरोखर होऊन गेला की नाही, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही. तुर्कस्तानातील अकशेहिर या गावी मुल्ला नसरुद्दीनची कबर दाखवतात. तिच्याविषयी असे सांगतात, की चारही बाजूंनी खुल्या असलेल्या त्या कबरीच्या दाराला एक भलेमोठे कुलूप घातलेले होते. मेल्यावरही ज्याने थट्टा सोडली नाही, त्याच्या कथा सांगण्याच्या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि त्यासाठी तुर्कस्तानसह सात देशांनी मिळून प्रस्ताव मांडला होता. एकाच माणसावर सात देश हक्क सांगतात आणि तरीही भांडत नाहीत, असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

या सर्वांच्या कथा एकमेकांच्या घरी बिनदिक्कत ये-जा करतात. कालची तेनालीरामची युक्ती आज बिरबलाच्या नावावर असते. कथा फिरत राहते आणि जवळचे एखादे प्रसिद्ध नाव बघून तिथे मुक्काम करते. हे फार जुन्या काळीच घडत होते असेही नव्हे. आचार्य अत्रे यांच्या हजरजबाबीपणाचे जेवढे किस्से महाराष्ट्रात सांगितले जातात, तेवढे सगळे घडण्यास एक आयुष्य अपुरे पडले असते. पु. ल. देशपांडे २००० मध्ये निवर्तले. तरी त्यांच्या नावाने नवनवी वाक्ये आजही मोबाइलवर येत असतात. त्यांपैकी कित्येक त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नाहीत. काहींना याचा राग येतो आणि लेखकाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण लोकांच्या बाजूने पाहिले, तर बिरबलाच्या वाट्याला जे आले तेच पु. लं.च्या वाट्याला येत आहे. ज्याच्या तोंडी चांगले वाक्य शोभते त्याला ते देऊन टाकायचे, ही लोकांची जुनी उदार सवय आहे.

हे नायक नीट पाहिले, तर त्यांच्यातील एक साम्य ध्यानात येते. त्यांच्यापैकी कोणीही राजा नाही. ते सत्तेच्या जवळ उभे असतात, पण सत्ता त्यांच्या हाती नसते. नसरुद्दीन तर दरबारातलाही नव्हे. तो आपला गाढवावर बसून गावभर हिंडणारा साधा माणूस. फाटक्या कपड्यांत मेजवानीला गेला असता त्याला कोणी विचारत नाही. घरी जाऊन उंची अंगरखा घालून येताच त्याला मानाची जागा मिळते. तेव्हा तो अंगरख्याची बाही पुलावात बुडवतो आणि तिला जेवण्याचा आग्रह करतो, कारण मान तिचा आहे. इथे कोणी कोणावर ओरडत नाही. यजमानाला शिवी नाही, उपदेश नाही. तरीही त्या घरात पुन्हा कोणाचे कपडे बघून पान वाढले जाणार नाही, असा ऐकणाऱ्याला भरवसा वाटतो. ज्याच्याजवळ तलवार नाही, पैसा नाही, त्याच्यापाशी एवढे एकच हत्यार असते आणि ते तो वरच्या दिशेने चालवतो.

कथेतील हाच माणूस रंगभूमीवर आला तो विदूषकाच्या रूपाने. संस्कृत नाटकातील विदूषक जातीने ब्राह्मण असतो, पण तो संस्कृत बोलत नाही. राजाशेजारी बसूनही सामान्यांची प्राकृतच बोलतो. त्याचे खादाडपण हसू आणते. पण ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय पाहावा. चारुदत्त दरिद्री झाल्यावर बाकीचे मित्र पांगतात आणि हा हास्यास्पद ठरवलेला माणूस मात्र त्याच्यापाशी राहतो. केरळातील कुडियाट्टम या प्राचीन नाट्यप्रकारात तर विदूषकाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. नायक संस्कृत श्लोक म्हणतो आणि विदूषक त्याच चालीवर मल्याळममध्ये त्याचे विडंबन करतो. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांच्या जागी तो स्वतःचे चार पुरुषार्थ सांगतो: विनोद, वंचना, अशन आणि राजसेवा. म्हणजे मौज करावी, फसवावे, खावे आणि राजाची खुशामत करावी. समोर बसलेल्या प्रतिष्ठितांपैकी कित्येकांची दिनचर्या या चार शब्दांत आली असेल. याच परंपरेतील चाक्यारकुत्तू या एकपात्री आविष्कारात कथा सांगणाऱ्या चाक्याराला श्रोत्यांपैकी कोणाचीही, अगदी राजाचीही, टर उडवण्याची मुभा होती.

मात्र ही मुभा देवळाच्या नाट्यगृहापुरती होती आणि तिथे सर्वांना प्रवेश नव्हता, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच अठराव्या शतकातील कुंचन नंबियार या कवीची आख्यायिका महत्त्वाची वाटते. चाक्याराच्या साथीला मिऴाव हे वाद्य वाजवता वाजवता त्याला डुलकी लागली आणि चाक्याराने भर सभेत त्याची खिल्ली उडवली. दुखावलेल्या नंबियाराने भांडण केले नाही. त्याने साध्या बोलीत, नाचत सांगावयाचा स्वतःचाच एक कथाप्रकार रचला आणि देवळाच्याच आवारात तो सादर केला. लोक चाक्याराला सोडून इकडे आले. हाच तुळ्ळल. थट्टेला त्याहून चांगल्या थट्टेने उत्तर द्यावे, असा हा प्रसंग आहे. गुजरातेतील भवईचा आद्यकर्ता मानला जाणारा असाईत ठाकर यालाही, एका मुलीची अब्रू वाचवण्यासाठी तिच्या पंगतीला बसल्याबद्दल, जातीबाहेर काढले होते असे परंपरा सांगते. हसवणारी माणसे पुष्कळदा अशी उंबऱ्याबाहेर उभी असलेली आढळतात.

महाराष्ट्रात हे जितके तमाशाबाबत खरे आहे तितके दुसऱ्या कशाबाबत नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा तमाशाचा क्रम. गणात देवाला नमन झाले, की गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. स्वतः देवच इथे जकात मागणारा होतो आणि मावशी त्याला फाडफाड उत्तरे देते. म्हणजे वगातल्या राजाची पाळी येण्याआधी देवाची येऊन गेलेली असते! बतावणीत सरदार आणि सोंगाड्या यांची जुगलबंदी चालते. सरदार शहाण्यासारखा प्रश्न विचारतो, सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावतो आणि त्या भलत्या अर्थातूनच खरे काय ते बाहेर पडते. वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई अशी राज्याची सगळी उतरंड असते. सोंगाड्या तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहून वरच्या सगळ्यांच्या पागोट्यांना हात घालतो.

आता हे करणारे कलावंत कोण होते, ते आठवावे. तमाशाचे फड ज्यांनी पिढ्यान्पिढ्या चालवले, त्यांतील बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले होते. दिवसा ज्या वाड्याच्या पायरीशी त्यांना अदबीने उभे राहावे लागे, त्याच वाड्याचा धनी रात्री खेळाला पुढच्या रांगेत बसे. आणि सोंगाड्या वगातल्या राजाच्या आडून त्याला चार गोष्टी सुनावी. राजा रंगवलेला असे, पण पाटील खरा असे. तो हसला नाही तर बिदागी बुडणार आणि प्रेक्षक हसले नाहीत तर खेळ बुडणार. या दोन धोक्यांमधून वाट काढत शब्द टाकणे हे काम किती कठीण असेल, याची कल्पना सुखवस्तू घरात बसून येणार नाही. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे काळू आणि बाळू हे जुळे भाऊ असे सोंगाडे होते. एकाचा चेहरा झाकावा आणि दुसऱ्याचा उघडावा इतके त्यांचे साम्य. त्याचा त्यांनी रंगमंचावर पुरेपूर उपयोग केला आणि दोन पिढ्यांना हसवले.

अण्णा भाऊ साठे यांनी हे हत्यार ओळखले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा तमाशाचा जुना साचा त्यांनी ठेवला. पण गणातील देवतावंदनाच्या जागी मायभूमीला वंदन आणले आणि वगात सावकार, गिरणीमालक आणि पुढारी आणून बसवले. पुढे १९६५ मध्ये वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांनी ते गाजवले. कोतवालाच्या रिकाम्या जागेसाठी चाललेली लबाडी हा त्याचा गाभा होता. प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवरील टोमणे त्यात नव्याने भरले जात. लेखी संहिता असूनही ती दर रात्री थोडी बदलत असे. कारण समोरचे प्रेक्षक बदललेले असत.

कोकणात आणि गोव्यात रात्र जागवणाऱ्या दशावताराला तर लेखी संहिता नसतेच. कथा पुराणातली, संवाद मात्र त्या रात्री त्या नटाला सुचतील ते. सुरुवातीच्या भागात काळा पेहराव केलेला संकासुर येतो. पुराणात तो वेद चोरणारा दैत्य आहे. इथे मात्र तो अस्सल गावच्या बोलीत बोलतो, समोर बसलेल्यांना नावानिशी हाक मारतो, कोणाच्या कंजूसपणावर तर कोणाच्या ऐटीवर बोट ठेवतो. ज्याच्यावर बोट ठेवले तो माणूस दहा हातांवर बसलेला असतो. तो हसला तर संकासुर आणखी पुढे जातो. त्याचा चेहरा पडलेला दिसला तर विषय बदलतो. हे भान कोणत्याही पुस्तकातून येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलण्यानेच ते येते.

याचा अर्थ जुने सगळे निर्मळ होते, असा कोणी घेऊ नये. लोकविनोदात निर्दयपणाही भरपूर होता. पेंद्याचे लंगडणे आणि बोबडे बोलणे यांवर शतकानुशतके हशा वसूल झाला. स्त्रीच्या देहाकडे पाहून केलेल्या चावट विनोदांनी कित्येक फड तगले आणि ते विनोद निमूटपणे झेलत नाचणाऱ्या स्त्रियांना कोणी विचारले नाही. कजाग सासू, मंदबुद्धी जावई, तोतरा नोकर हे साचे लोककथांनीच पाडून ठेवले आहेत. वरच्या दिशेने चालणारे हत्यार जिथे भीती वाटली तिथे मुकाट्याने खाली वळले. पाटलाला बोलता येत नाही तेव्हा बायकोवर विनोद करायचा, ही पळवाट काही आजची नव्हे. फरक एवढाच, की तेव्हा ती पळवाट काढणारा कोण, हे सगळ्यांना दिसत होते.

१९६० च्या दशकापासून द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे कथालेखक गावोगावी जाऊन कथाकथन करू लागले, तेव्हा छापील पुस्तकात गेलेली गोष्ट पुन्हा माणसाच्या तोंडी आली. ज्यांनी कधी पुस्तक हाती धरले नव्हते अशीही माणसे मैदानात बसून मराठी साहित्य ऐकत आणि पोट धरून हसत. गोष्टींतली गावे, चावड्या आणि बिलंदर माणसे ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती. आपल्यावरच हे हसू आहे हे कळत असूनही राग येत नसे, कारण सांगणारा त्याच मातीतला होता आणि तोही हसण्यातून सुटत नव्हता.

मोबाइलने या सगळ्यात जे बदलले, त्याचा विचार करताना आधी त्याचे ऋण मान्य करावे. इंदूर, बडोदा, बेळगाव, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आणि आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांना आज मराठी विनोद रोजच्या रोज पोहोचतो. जिच्या वाट्याला चावडी कधी आली नाही, ती गृहिणी आज बहिणींच्या गटात असे काही लिहिते, की जुन्या बतावणीने मान खाली घालावी. चार माणसांत बोलताना ज्याची जीभ अडखळते, त्यालाही इथे वाव मिळाला. पाच मिनिटांपूर्वी पडलेल्या पावसावर किंवा कोसळलेल्या विकेटवर अनोळखी माणसे भराभर कोट्या करतात, तेव्हा गावच्या पारावरची हुशारी नव्या जागी राहायला आली आहे, असेच वाटते. त्या हुशारीची टिंगल करण्याचे कारण नाही.

अडचण दुसरीकडे आहे. इथला बहुतेक विनोद कोणी ‘सांगत’ नाही. तो ‘पुढे पाठवला’ जातो. खिचडीची गोष्ट सांगणारी आजी ती प्रत्येक वेळी थोडी नव्याने घडवत होती. ऐकणारे मूल दमले असेल तर लवकर संपवत होती, नाठाळ असेल तर लांबवत होती. पुढे पाठवणारा काहीच घडवत नाही. तो अंगठ्याने एक टिचकी मारतो आणि मोकळा होतो. विनोद कोणी रचला, कोणाला लागेल, याची जबाबदारी त्या टिचकीत कुठेच नसते. पाटील समोर नाही, म्हणून भीती नाही. दुखावलेला माणूस समोर नाही, म्हणून दयाही नाही. मग सगळ्यांत सोपे तेच होते. बायको, नोकर, काळा रंग, जाड शरीर, अमुक प्रांताची माणसे आणि तमुक जातीची माणसे यांच्यावरचे तेच ते विनोद हजार वेळा फिरतात. सत्तेवरही विनोद होतात, पण तेही पुष्कळदा एका बाजूच्या कचेरीतून दुसऱ्या बाजूवर सोडलेले असतात आणि बिनपगारी हरकारे ते पोहोचवतात. सोंगाड्या राजाची नक्कल करी तेव्हा राजाचा पगार खात नसे.

सांगणारा हरवण्याची किंमत केवळ रुचीपुरती नसते. पूर्वी गावात बहुरूपी येत. कधी फौजदार होऊन दारात उभे राहत, घरधन्याला खोटा दम देत आणि घाबरगुंडी उडाली, की हसून हात पुढे करत. डौर वाजवत, गाणी म्हणत भिक्षा मागणारे डवरी गोसावी येत. ही माणसे परकी होती. पण त्यांचा आवाज, वेश आणि गोष्टी गावाला ओळखीच्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे याच नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निनावी संदेश त्या काळात मोबाइलवरून पसरले होते. ते विनोद नव्हते, अफवा होत्या. पण दोन्हींची चाल एकच: रचणारा अज्ञात, पाठवणारे असंख्य आणि ज्याच्याविषयी सांगितले तो माणूस कोणाच्याच डोळ्यांपुढे नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. यंत्राने करण्यासारखे जे होते ते यंत्राने केले. गोष्ट सांगत दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या आधी त्याच्याविषयीची गोष्ट गावात येऊन बसली होती आणि तिला विचारायला कोणी नव्हते, ही उणीव मात्र त्या मर्यादेने भरून येण्यासारखी नव्हती.

म्हणून मोबाइल फेकून द्या, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. सोंगाड्याने त्यावरच एक बतावणी रचली असती. मागणी फार लहान आहे. आलेल्या दहा विनोदांपैकी एखादा तरी पुढे न पाठवता स्वतःच्या तोंडाने, समोरच्या माणसाला सांगून पाहावा. पुष्कळसे विनोद तिथेच अडतात. घरकाम करणाऱ्या बाईसमोर नोकरांवरचा विनोद तोंडातून बाहेर पडत नाही. आणि जो बाहेर पडतो तो सांगताना आपोआप बदलतो; त्यात गावाचे नाव येते, शेजाऱ्याची लकब येते, तो सांगणाऱ्याचा होतो.

खिचडीची गोष्टही अशीच निरनिराळ्या तोंडी बदलत आली आहे. कोणी तलावाऐवजी नदी सांगतो, कोणी राजवाड्याच्या दिव्याऐवजी देवळाचा दिवा सांगतो. ज्याची मजुरी कधी बुडाली असेल अशा माणसाने ती वीटभट्टीवर सांगितली, तर बादशहाचा मुकादम व्हायला वेळ लागणार नाही. मुलांना ती सांगून बघावी. हंडी किती उंच होती, हे ती विचारतात. बिरबल किती वेळ बसला, हेही विचारतात. आणि सगळे हसून झाल्यावर, दिवा मालवायच्या सुमारास, त्यांतले एखादे हटकून विचारते, की पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या माणसाला शेवटी बक्षीस मिळाले का.